दुसऱ्या पुसेगावचं ग्राउंड

गाव कुठलं, असं कुणी विचारलं आणि मी पुसेगाव म्हणालो, की समोरच्याचे हात आपोआप जोडले जातात. "सेवागिरी महाराजांचं ना?" मग सांगावं लागतं, की ते साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. रथावर नोटांच्या माळा चढतात, बैलबाजार भरतो, कुस्त्यांचा फड लागतो, ते ते पुसेगाव. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. "अस्सं होय," म्हणत समोरचा हात खाली घेतो आणि विषय पावसाकडे जातो.

गेली कित्येक वर्षं हे चालू आहे. आता मला त्याचं वाईट वाटत नाही. पण या वर्षी खेळाडूंवर लेख लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की मला जे सांगायचं आहे ते या दोन पुसेगावांमधल्या अंतरातच आहे. नकाशावर ते चार-पाचशे किलोमीटर भरेल. खेळाच्या हिशेबात किती भरतं, ते पुढे बघू.

आमच्याकडे यात्रेतल्या कुस्त्या होतात, नाही असं नाही. हिंगोलीचा दसरा तर जुना आणि मोठा. पण आमच्या गावांमधला आजचा खरा आखाडा बघायचा तर पहाटे पाचला उठावं लागतं. सोयाबीनच्या आणि हळदीच्या शेतांमधून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर अंधारातच पावलांचा आवाज येतो. एकाच्या हातात मोबाइल, त्यात घड्याळ लावलेलं. बाकीचे पळतात. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाने खुणा केलेल्या असतात, शंभर मीटरची, चारशेची, सोळाशेची. कुठेतरी मोकळ्या रानात चुन्याचा एक गोल आखलेला असतो आणि त्यात लोखंडी गोळा पडलेला असतो. रात्रभर दवात राहिल्याने तो हाताला गार लागतो. तो कुणी चोरून नेत नाही, कारण तो सगळ्यांना लागतो.

ही पोलीस भरतीची मुलं. मुलीही आता बऱ्याच.

'ग्राउंड' हा शब्द आमच्याकडे जागेसाठी कमी आणि परीक्षेसाठी जास्त वापरतात. "ग्राउंड दिलं." "ग्राउंड निघालं." "लेखीला चांगला होता, पण ग्राउंडला गेला." शिपाई भरतीत ग्राउंडचे पन्नास गुण. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लांब धावण्याला वीस, बाकी दोन्हींना पंधरा-पंधरा. राज्य राखीव पोलीस दलाला पाच किलोमीटर पळावं लागतं. त्या दलाचा बारावा गट हिंगोलीतच आहे, त्यामुळे खाकी वर्दी आमच्या मुलांना लहानपणापासून रस्त्यावर, बाजारात दिसत असते. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं की पैकीच्या पैकी. गोळा साडेआठ मीटर गेला की पंधरा. हे आकडे इथल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा. शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्के पाठ असतात.

आता जरा थांबून बघा. एकच मुलगा मध्यम पल्ल्याचं धावतो, वेगाचं धावतो आणि वजनदार गोळा फेकतो. या तिन्हींना लागणारं शरीर वेगवेगळं असतं. हडकुळा सोळाशेला छान निघतो आणि गोळ्याला रडतो. दणकट मुलाचं बरोबर उलटं. तिन्हींत बरा असलेला मुलगा म्हणजे खरं तर अनेक खेळांत तयार झालेला खेळाडू. कुठल्याही विद्यापीठाच्या संघाने त्याला उचलायला हवं. पण त्याला कुणी खेळाडू म्हणत नाही, आणि तोही स्वतःला म्हणवत नाही. तो म्हणतो, "मी भरती करतो."

ही अनेक खेळांची सवय त्याला लागते शाळेत, आणि तिचं कारण फार साधं आहे. खेड्यातल्या शाळेत खेळणारी मुलं असतात दहा-बारा. तोच कबड्डीचा संघ, तोच खो-खोचा, त्यातलेच चौघे रिलेला. आमच्या वेळी तालुक्याच्या स्पर्धेला सकाळी कबड्डी हरायचो, दुपारी खो-खो हरायचो आणि संध्याकाळी रिलेत तिसरे यायचो. एकदा दुसरे आलो तेव्हा पीटीच्या सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. गोळ्यासाठी कुणी उरलं नाही म्हणून माझं नाव दिलं. मी गोळा पहिल्यांदा हातात घेतला तो स्पर्धेच्याच दिवशी. शहरातल्या मुलाला सातव्या वर्षी एक खेळ निवडावा लागतो, कारण क्लासची फी एकाच खेळाची परवडते. आमच्याकडे फीच नव्हती आणि निवडही नव्हती.

महाराष्ट्राला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा मुलगा अशाच शाळकरी खिचडीतून वर आला.

खाशाबा दादासाहेब जाधव. कराडजवळचं गोळेश्वर. पाच भावांत धाकटा. वडील पैलवान, त्यामुळे पाचव्या वर्षापासून लाल माती अंगाला लागलेली. पण कराडच्या टिळक हायस्कुलात असताना हा मुलगा नुसती कुस्ती करत नव्हता. पोहणं, पळणं, वजन उचलणं, हातोडाफेक, सगळीकडे त्याचं नाव. देहाने बुटका आणि हलका. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला, तेव्हा कॉलेजच्या स्पर्धेत उतरायला तिथल्या क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, हा काय कुस्ती करणार म्हणून. असं सांगतात, की खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी घेऊन आले आणि मग आपल्यापेक्षा थोराड गड्यांना एकापाठोपाठ पाठीवर पाडलं. कुस्ती त्यांना कॉलेजने शिकवली नाही. ती घरून आणि तालमीतून आलेली होती. कॉलेजने दिलं ते वेगळंच होतं, आणि माझ्या मते कुस्तीइतकंच मोलाचं होतं.

शाळकरी वयातच बेचाळीसची चळवळ आली. सातारा जिल्हा तेव्हा प्रतिसरकारचा. भूमिगतांना आसरा देणं, चिठ्ठ्या पोहोचवणं ही कामं या मुलानेही केली.

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत वाढलेला मल्ल पहिल्यांदाच गादीवर उतरला होता, नियमही नवे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तिकडे तयार केलं. गादीवर पाय सरकतो, मातीत रुततो. ज्याने दोन्हीकडे कुस्ती केली आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. सहावा क्रमांक आज आपल्याला लहान वाटतो. तेव्हा तो लहान नव्हता.

आणि इथे मला माझं पुसेगाव आठवतं. लंडनचं ते ऑलिम्पिक संपलं १४ ऑगस्ट १९४८ ला. त्या दिवशी हिंगोली परिसर निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडे तिरंगा फडकावणं हा गुन्हा होता, गावोगाव रझाकारांची दहशत होती. मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबरला. म्हणजे गोळेश्वरचा पोरगा लंडनमध्ये भारताच्या नावाने गादीवर उतरला, तेव्हा आमच्या गावातल्या त्याच्याच वयाच्या पोराला आपला देश कुठला हेही ठामपणे सांगता येत नव्हतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून तीन तपं उलटली होती. राजाराम कॉलेज तर त्याहूनही जुनं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ मध्ये आणि आमच्या भागाला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ मिळालं १९९४ मध्ये. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. तोवर आमच्या पत्त्यावर परभणी लिहायचे. दोन पुसेगावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

हा रडगाण्याचा सूर नाही. कोल्हापूरकरांनी आपलं सगळं स्वतः उभं केलं, त्यांचं कौतुकच आहे. पण मराठवाड्यात मल्ल का झाले नाहीत, असा प्रश्न कुणी पुण्यात बसून विचारला, की उत्तराची सुरुवात इथून करावी लागते.

तर १९५२. हेलसिंकीला कोण जाणार, याची निवड मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेवरून व्हायची होती. खाशाबा तिथे एका गुणाने मागे पडले आणि तो गुण पक्षपाताने गेला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. त्यांनी बंगालच्या निरंजन दासबरोबर पुन्हा लढत लावून दिली. खाशाबांनी निरंजनला चीत केलं. जागा मिळाली. आता पैसे.

खाशाबा गावोगाव वर्गणी मागत फिरले. कुणी धान्य विकून दिलं, कुणी रोख. सरकारदरबारी केलेल्या अर्जाला नकार आला. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर बँकेकडे गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

हे वाक्य मी आजवर अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी त्यावरून नजर पुढे सरकते, जणू तेव्हाची माणसं तशीच असायची. नसायची. प्राचार्याचं घर, म्हणजे त्याच्या बायकामुलांचं डोक्यावरचं छप्पर. ज्या मुलासाठी ते गहाण पडलं तो नातेवाईक नाही. बुटका, शेतकऱ्याचा, कुस्तीच्या वेडाचा. पदक येईल याची कसली खात्री? सहाव्या नंबरवर कोण पैज लावतो? त्या काळच्या कॉलेजात अशी माणसं ढिगाने होती असं मी म्हणणार नाही. एक होता, आणि तो नेमक्या जागी होता.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवलं. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. पंधरा मिनिटांची रगडारगडी झाली आणि खाशाबा हरले. लगेच पुकारा झाला, की सोव्हिएत रशियाच्या ममदबेयोव्हशी पुढची कुस्ती आत्ताच. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम तिथल्या पंचांना ऐकवायला भारताचा एकही अधिकारी जवळपास नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं आलं १९९६ मध्ये, अटलांटाला, लिअँडर पेसचं. मधली ४४ वर्षं रिकामी. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला तर २०२४ उजाडावं लागलं. पॅरिसला नेमबाजीत स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं. तोही कोल्हापूर जिल्ह्यातला, कांबळवाडीचा, आणि तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

कराड स्टेशनवर खाशाबा उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतच्या थोड्या वाटेला मिरवणुकीला सात तास लागले. वर्तमानपत्रं, चित्रपट, भाषणं, सगळे इथेच थांबतात. बैलगाड्या, गुलाल, ढोल, समाप्त.

मला त्यापुढचं सांगायचं आहे. गुलाल धुतल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसे गोळा केले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. पदकाने पैसे दिले नव्हते. पैसे दिले ते पुन्हा मातीनेच. नोकरी मिळाली १९५५ मध्ये, पदकानंतर तीन वर्षांनी. पोलीस खात्यात उपनिरीक्षक. पुढच्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी गुडघ्याच्या दुखापतीने खाल्ली. मग सत्तावीस वर्षं वर्दी. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकवलं. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशालयात्रेत त्यांना धावायला बोलावलं, तेवढा एक मान. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. वय अठ्ठावन्न. लंडन ऑलिम्पिक संपलं होतं तीही १४ ऑगस्टचीच तारीख. त्यात काही अर्थ शोधू नये, पण लिहिताना डोळ्यांत भरली.

अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, सोळा-सतरा वर्षांनी. पद्म पुरस्कार नाहीच. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं. गोळेश्वरला कुस्ती केंद्र उभारायची घोषणा इतकी रेंगाळली, की २०१७ मध्ये घरच्यांना पदक लिलावात काढायची भाषा करावी लागली. अलीकडे राज्य सरकारने १५ जानेवारी, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन ठरवला. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचं नाव 'ऑलिम्पिक निवास'.

खाशाबांच्या हयातीत त्यांना ओळखणाऱ्यांमध्ये खात्यातले शिपाई किती होते आणि क्रीडा संघटनांचे पदाधिकारी किती, याची मोजणी कुणी केली नाही. माझा अंदाज शिपायांच्या बाजूने आहे.

खेळ संपल्यानंतरचं आयुष्य, हा भाग आपल्याकडे कुणी नीट लिहिला नाही. मुरलीकांत पेटकर घ्या. सांगली जिल्ह्यातलं पेठ, इस्लामपूर. लहानपणी कुस्ती, मग सैन्यात मुष्टियुद्ध. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. मग टेबल टेनिस, पोहणं, भालाफेक, जे जे चाकाच्या खुर्चीवरून किंवा पाण्यात करता येईल ते ते. १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, वेळ ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. देशाचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. त्यानंतर? पुण्यात टेल्कोत नोकरी. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी. मधल्या काळात ते रोज कामावर जात होते. कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या शेकडो कामगारांमध्ये एक विश्वविक्रमवीर असतो आणि शेजारच्या माणसाला ते ठाऊक नसतं, याची गंमत वाटावी की लाज, मला ठरवता येत नाही.

नवी पिढी या बाबतीत जरा शहाणी आहे, किंवा व्यवस्था जरा सुधारली आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. तिथून लांब पल्ल्याचं धावणं, मॅरेथॉन आणि शेवटी स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत तीन हजार मीटर. खो-खोत वाकून, उठून, झेप घेऊन दिशा बदलायची जी सवय लागते ती अडथळ्यांवर कामाला येते, असं मला वाटतं. शास्त्र काय म्हणतं ते जाणकारांनी सांगावं. २०१६ च्या रिओत ती अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. पुढे ती महसूल खात्यात अधिकारी झाली. धाराशिवची सारिका काळे, भारताच्या खो-खो संघाची कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती, क्रीडा अधिकारी झाली. ती तर आमच्या मराठवाड्याची. घरी एका वेळच्या जेवणाची भ्रांत होती, हे तिने स्वतःच सांगितलं आहे.

आणि सचिन खिलारी. त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्याचा खेळ गोळ्याचा. आटपाडी तालुक्यातला. शाळेत असताना सायकलवरून पडला, हात मोडला, त्यात गँगरीन झालं आणि तो हात कायमचा अधू झाला. अभियांत्रिकी शिकला. आधी भालाफेक करायचा. खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर फेकून रौप्य. हा माणूस एका बाजूला स्पर्धा परीक्षेच्या मुलांनाही शिकवत असे. म्हणजे सकाळी गोळा आणि दुपारी आयोगाचा अभ्यासक्रम. आमच्या पहाटेच्या रस्त्यावरच्या मुलांचं वेळापत्रक बरोबर असंच असतं. सकाळी गोळा, दुपारी चालू घडामोडी. फरक इतकाच, की त्यांच्या गोळ्याला साडेआठ मीटरपलीकडे जाण्याचं काही कारण उरत नाही.

माझी तक्रार तिथे आहे. साडेआठ मीटरला पंधरा गुण मिळाले की मुलगा थांबतो. दहा मीटर फेकणारा असला तरी त्याला सोळावा गुण नाही. परीक्षेला बरोबर आहे ते. पण ज्या मुलाच्या खांद्यात आणखी काही मीटर दडलेले आहेत, त्याला ते आहेत हे कुणी सांगतच नाही. सांगायची जागा कॉलेज. बारावीनंतरची चार-पाच वर्षं, म्हणजे अठरा ते तेवीस हे वय, गोळाफेकीत, कुस्तीत, धावण्यात शरीर घडण्याचं खरं वय. विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव होतो. आमच्या भागातली मुलं कागदोपत्री कॉलेजात असतात. हजेरीपुरती जातात. शरीराने ती भरतीच्या रस्त्यावर किंवा गावातल्या अकॅडमीत असतात. कॉलेजला त्यांची ओळख नाही, त्यांना कॉलेजची गरज नाही.

सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. चांगली गोष्ट आहे. पण तिचा एक वाईट परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला. खेळापेक्षा प्रमाणपत्राला भाव आला. कुणाला काय खेळता येतं, यापेक्षा कुणाकडे कुठल्या स्पर्धेचा कागद आहे, हे महत्त्वाचं झालं. जो खेळ गावाने कधी पाहिला नाही, त्या खेळाची राज्यस्तरीय प्रमाणपत्रं निघाली. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आली, पडताळणी कडक झाली, आणि मग ज्यांचे कागद खरे होते त्यांनाही चकरा माराव्या लागल्या. खाशाबांकडे दाखवायला पदक होतं, तरी नोकरीला तीन वर्षं लागली. आज ज्याच्याकडे काहीच नाही त्याने कागद शोधला, तर त्याला दोष देताना माझी जीभ जड होते. मला राग येतो तो कागद विकणाऱ्याचा.

भरतीच्या मुलांना नावं ठेवणारे शहाणे शहरात पुष्कळ आहेत. "खेळाची आवड नाही, नोकरीची हाव." त्यांना सांगावंसं वाटतं, की खाशाबाही शेवटी तिथेच गेले. सोयाबीनच्या एका हंगामावर ज्याचं घर चालतं त्याने वर्दीचं स्वप्न पाहावं, यात हीन काही नाही. पूर्वी खेळाडू खेळ संपवून नोकरीला जायचा. आमच्याकडे नोकरीसाठी खेळ सुरू होतो आणि नोकरी लागली त्या दिवशी संपतो. नाही लागली तर वयोमर्यादा संपली त्या दिवशी. दोन्हीकडून तो पंचविशी-तिशीत संपतो.

मीही दोनदा ग्राउंड दिलं. माझ्या वेळी लांब उडी आणि पुलअप्सही असायचे. पळणं निघालं, उडी निघाली. दोन्ही वेळा गोळ्याने घात केला. पहिल्यांदा पाय गोलाच्या बाहेर पडला, दुसऱ्यांदा गोळा हातातून निसटला. तालुक्याच्या स्पर्धेत ऐनवेळी नाव दिलं होतं त्या दिवसानंतर मला तो कसा धरायचा, कसा वळायचा, कुणी दाखवलंच नव्हतं. बोटांच्या मुळाशी ठेवायचा, तळहाताला टेकवायचा नाही, मानेला चिकटून धरायचा, ताकद पायातून आणायची. हे मला कळलं चाळिशीत, मोबाइलवरचा एक व्हिडिओ बघून. तेव्हा हसू आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर गेलो आणि तिथल्या एका पोराला दाखवलं. त्याने फेकला, चुन्याची रेघ ओलांडून तो पुढच्या गवतात गेला. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. "काका, तुम्ही खेळाडू होता का?"

काय सांगणार? म्हटलं, "नाही बाबा. मी पुसेगावचा."

या दिवाळीत सोयाबीन घरात येऊन पडेल, दोन-चार दिवस फराळ होईल आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती मुलं पुन्हा रस्त्यावर दिसतील. आमच्या भागातल्या कॉलेजांच्या क्रीडा विभागांत जे कुणी हा लेख वाचतील, त्यांना एकच विनंती. १५ जानेवारीला खाशाबांच्या फोटोला हार घालून झाला, की त्याच आठवड्यात एखाद्या पहाटे एक मोजपट्टी घेऊन आमच्या रस्त्यावर या. घर गहाण टाकायला कुणी सांगत नाही. साडेआठच्या रेघेपुढे गोळा किती जातो, तेवढं मोजा आणि त्या पोराचं नाव लिहून घ्या. मुद्दाम वेगळा गोळा आणायची गरज नाही. भरतीत मुलांच्या गोळ्याचं वजन ७ किलो २६० ग्रॅम असतं, मुलींच्या गोळ्याचं ४ किलो. ऑलिम्पिकमध्येही तेवढंच.